रॉबर्ट कालिन्याक आणि स्लोव्हाकियाचे गृहखाते: एका दीर्घ कारकिर्दीचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: स्लोव्हाकियाचे सध्याचे संरक्षणमंत्री आणि उपपंतप्रधान रॉबर्ट कालिन्याक हे पूर्वी दोन टप्प्यांत गृहमंत्री होते, एका पत्रकाराच्या खुनानंतर उसळलेल्या जनक्षोभात त्यांना पद सोडावे लागले, पुढे त्यांना अटकही झाली, आणि तरीही 2023 मध्ये ते मंत्रिमंडळात परतले, हे कसे घडले? त्याला जोडून दुसरा प्रश्न आहे की त्यांना कार्यक्षम प्रशासक समजावे की सत्तेचा गैरवापर करणारा राजकारणी. पोलीस प्रशासनात उमेदीची वर्षे घालवल्यानंतर मी युरोपातील पोलीस यंत्रणांचा तौलनिक अभ्यास करत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की ही दोन माणसे वेगळी काढताच येत नाहीत. ज्या मंत्र्याने दाखले आणि ओळखपत्रे एका छताखाली आणली, त्याच मंत्र्याने तपास पूर्ण होण्याआधी पत्रकार परिषदेत तपासाचा निष्कर्ष सांगितला, आणि या दोन्ही गोष्टी त्याला शक्य झाल्या त्या एकाच कारणाने: स्लोव्हाकियात गृहमंत्र्याच्या हाती जे अधिकार एकवटलेले आहेत, ते आपल्याला सहज कल्पना येणार नाही इतके आहेत.

आपल्याकडे पोलीस हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने केंद्रीय गृहमंत्री हा देशभरच्या ठाण्यांचा रोजचा धनी नसतो. त्या अर्थाने स्लोव्हाकियाच्या गृहमंत्र्याची तुलना करायची तर महाराष्ट्राच्या गृहमंत्र्याशी करावी लागेल. मात्र तीही पुरी पडत नाही. जेमतेम 54 लाख लोकसंख्येच्या त्या देशात एकच राष्ट्रीय पोलीस दल आहे, त्यात वीस हजारांहून अधिक कर्मचारी आहेत, आणि 1993 च्या पोलीस कायद्यानुसार त्या दलाच्या प्रमुखाची, म्हणजे तिथल्या भाषेत ‘पोलीस अध्यक्षा’ची, नेमणूक आणि उचलबांगडी गृहमंत्री करतो. अग्निशमन दल, पर्वतीय बचाव सेवा, जिल्हा कार्यालये, निवडणुकांची प्रशासकीय व्यवस्था, सरकारी अभिलेखागारे, हे सारे त्याच खात्यात येते. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा तपास करणारी तपासणी शाखाही, आपण ज्या काळाबद्दल बोलत आहोत त्यात, बराच काळ त्याच मंत्र्याच्या हाताखाली होती. ही शेवटची बाब लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

या खात्याचा पूर्वेतिहासही तसा निर्मळ नव्हता. 1 जानेवारी 1993 रोजी देश स्वतंत्र झाला आणि पहिली काही वर्षे व्लादिमीर मेचियार यांच्या राजवटीत गेली. 31 ऑगस्ट 1995 रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या मुलाचे अपहरण करून त्याला सीमेपार ऑस्ट्रियातील हाइनबुर्ग येथे नेऊन सोडण्यात आले आणि संशयाची सुई थेट गुप्तचर यंत्रणेकडे वळली. मे 1997 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या थेट निवडणुकीवर सार्वमत होणार होते, तेव्हा गृहमंत्री गुस्ताव क्रायची यांच्या खात्याने मतपत्रिकेतून तो प्रश्नच वगळला आणि सार्वमत फसले. म्हणजे हे खाते सत्ताधाऱ्यांचे हत्यार होऊ शकते, हे स्लोव्हाक नागरिकाला कालिन्याक येण्याआधीच ठाऊक होते. 1998 नंतरच्या सरकारांनी त्यात सुधारणा केल्या, परंतु मंत्री आणि पोलीसप्रमुख यांच्यातली नाळ कोणीच तोडली नाही. प्रत्येक विरोधी पक्ष ती तोडण्याचे वचन देतो आणि सत्तेत आल्यावर तिचा उपयोग करतो, असे माझे निरीक्षण आहे, आणि ते केवळ स्लोव्हाकियापुरते नाही.

कालिन्याक यांचा जन्म 11 मे 1971 रोजी ब्रातिस्लावात झाला. तिथल्याच कोमेन्स्की विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि वकिली केली. रॉबर्ट फित्सो यांनी 1999 मध्ये ‘स्मेर’ म्हणजे ‘दिशा’ हा पक्ष काढला, त्या पक्षातून कालिन्याक 2002 मध्ये संसदेत आले आणि संरक्षण व सुरक्षाविषयक समितीचे अध्यक्ष झाले. विरोधी बाकावरच्या तरुण खासदाराला पोलीस आणि गुप्तचर यंत्रणांचा कारभार आतून पाहण्याची याहून चांगली संधी मिळत नाही. 2006 च्या निवडणुकीनंतर फित्सो पंतप्रधान झाले तेव्हा कालिन्याक यांना थेट गृहखाते मिळाले. वय 35. सरकारमध्ये स्मेरसोबत मेचियार यांचा पक्ष आणि हंगेरियन अल्पसंख्याकांविरुद्ध जहाल भाषा वापरणारा स्लोव्हाक राष्ट्रीय पक्ष हे दोघे होते, आणि या युतीमुळे ऑक्टोबर 2006 मध्ये युरोपीय समाजवाद्यांच्या संघटनेने स्मेरचे सदस्यत्व तात्पुरते स्थगित केले.

त्यांच्या कारकिर्दीची खरी किल्ली मला पहिल्याच तीन महिन्यांतल्या एका प्रकरणात दिसते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. 25 ऑगस्ट 2006 रोजी नित्रा शहरात हंगेरियन भाषक समाजातील एका विद्यार्थिनीने तक्रार दिली की फोनवर हंगेरियनमध्ये बोलताना ऐकून दोघांनी तिला मारहाण केली आणि तिच्या कपड्यावर द्वेषाचा मजकूर लिहिला. देशात आणि हंगेरीत खळबळ उडाली, नव्या सरकारची युरोपात नाचक्की होऊ लागली. पुढे अठराच दिवसांनी, 12 सप्टेंबरला, पंतप्रधान फित्सो आणि गृहमंत्री कालिन्याक पत्रकारांसमोर आले आणि हा हल्ला झालाच नव्हता असे त्यांनी जाहीर केले. त्यानंतर तपास फिरला तो तक्रारदाराकडे, आणि 2007 मध्ये खोटी साक्ष दिल्याचा आरोप तिच्यावरच ठेवला गेला. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात पोहोचले, आणि 2011 मध्ये, सरकार बदललेले असताना, स्लोव्हाक शासनाने तडजोड करून खेद व्यक्त केला.

त्या दिवशी नित्रात नेमके काय घडले यावर आजही तिथे दोन तट आहेत आणि मी त्या वादात शिरत नाही. माझा आक्षेप त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. तपास चालू असताना मंत्र्याने निष्कर्ष जाहीर केला की हाताखालच्या तपासी अधिकाऱ्यासमोर एकच वाट उरते. मंत्र्याला खोटे पाडणारा पुरावा पुढे आणण्याची हिंमत शंभरात एखाद्याचीच. ठाण्यात काम केलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. कालिन्याक हे पोलिसांचे नियंत्रक न राहता पोलिसांचे प्रवक्ते झाले ते याच दिवशी, आणि पुढची दहा वर्षे ती भूमिका त्यांनी सोडली नाही.

आता त्यांच्या बाजूची जमा नोंदवली पाहिजे, कारण ती खरी आहे. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, प्रवेश मिळवण्याच्या तयारीत स्लोव्हाकिया मागे पडला होता. युक्रेनशी असलेली सुमारे 98 किलोमीटरची सीमा ही आता सगळ्या शेंगेन देशांची बाह्य सीमा होणार होती आणि तिथली उपकरणे, मनुष्यबळ, इमारती अपुऱ्या होत्या. नव्या मंत्र्याने हे काम वेगाने उरकले आणि 21 डिसेंबर 2007 रोजी शेजारी देशांबरोबरच स्लोव्हाकियाच्याही सीमेवरचे अडसर उचलले गेले. ब्रातिस्लावासारख्या, ऑस्ट्रियाच्या उंबरठ्यावर वसलेल्या आणि एका पिढीपूर्वीपर्यंत काटेरी तारांनी बंद असलेल्या शहरासाठी या तारखेचे मोल काय होते, हे आकड्यांत सांगता येत नाही. दुसरी जमा रस्त्यांवरची. 1 फेब्रुवारी 2009 पासून लागू झालेल्या नव्या वाहतूक कायद्याने वर्षभर दिवे लावून गाडी चालवणे सक्तीचे केले आणि दंड कडक केले. 2008 मध्ये तिथे रस्त्यावर सुमारे सहाशे माणसे मेली होती, 2009 मध्ये तो आकडा चारशेच्या खाली आला. त्यात मंदीमुळे घटलेल्या वाहतुकीचाही वाटा असणार, तरी कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

पण याच काळात दलाच्या शिस्तीचे दोन नमुने पुढे आले. 2009 च्या वसंतात कोशित्से शहरातील एका पोलीस ठाण्यात रोमा या वंचित अल्पसंख्याक समाजातल्या अल्पवयीन मुलांना एकमेकांना थोबाडीत मारायला आणि कपडे उतरवायला लावल्याचे चित्रीकरण बाहेर आले. ते पोलिसांनीच केलेले होते. आणि 2 जानेवारी 2010 रोजी पोप्राद विमानतळावर श्वानपथकाच्या सरावासाठी प्रवाशांच्या सामानात, त्यांना न सांगता, खरी स्फोटके ठेवण्यात आली. कुत्र्याने एक शोधले, दुसरे, सुमारे 90 ग्रॅमचे, तसेच राहिले आणि विमानातून डब्लिनला गेले. तीन दिवसांनी आयरिश पोलिसांनी एक वस्ती रिकामी करून त्या बिचाऱ्या, काहीही कल्पना नसलेल्या प्रवाशाला ताब्यात घेतले. सरावाचा माल मोजून द्यायचा आणि मोजून परत घ्यायचा, हा श्वानपथकाचा पहिला धडा असतो. कालिन्याक यांनी आयर्लंडच्या मंत्र्यांकडे खेद व्यक्त केला. सीमा पोलिसांच्या प्रमुखाने पद सोडले. मंत्री जागेवर राहिले.

2010 च्या निवडणुकीनंतर इवेता रादिचोवा यांचे सरकार आले आणि गृहखाते डॅनियल लिपशित्स यांच्याकडे गेले. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे ते निराळ्या खुर्चीवर भेटणार आहे. लिपशित्स आधी न्यायमंत्री होते आणि भ्रष्टाचाराच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालय त्यांच्याच काळात उभे राहिले होते. रादिचोवा सरकार ऑक्टोबर 2011 मध्ये युरोच्या मदतनिधीवरील मतदानात पडले, आणि वर्षाच्या अखेरीस ‘गोरिला’ नावाने ओळखले जाणारे गुप्तचर खात्याचे दप्तर इंटरनेटवर फुटले, ज्यात आधीच्या उजव्या सरकारच्या काळातील राजकारणी आणि एका बड्या गुंतवणूक समूहाच्या संबंधांचे वर्णन होते. संतापलेल्या मतदारांनी 10 मार्च 2012 रोजी स्मेरला 150 पैकी 83 जागा दिल्या. एकट्या पक्षाचे बहुमत स्वतंत्र स्लोव्हाकियात त्याआधी कधी झाले नव्हते.

कालिन्याक परतले ते उपपंतप्रधान म्हणून, आणि गृहखाते पुन्हा त्यांच्याकडेच. हा त्यांचा सर्वांत समर्थ काळ. ‘एसो’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी प्रशासन सुधारणा त्यांनी हाती घेतली. विखुरलेली जमीन नोंदणी, पर्यावरण, परवाने, नागरी संरक्षण अशी कार्यालये एकत्र करून ऑक्टोबर 2013 पासून 72 जिल्हा कार्यालयांत बसवली, नागरिकांसाठी एकाच ठिकाणी कामे उरकणारी सेवा केंद्रे उघडली, आणि डिसेंबर 2013 पासून इलेक्ट्रॉनिक चिप असलेली ओळखपत्रे सुरू केली. ज्या देशात एका दाखल्यासाठी चार खिडक्या फिराव्या लागत, तिथे या केंद्रांचे कौतुक विरोधकांनीही केले आहे. मात्र दुसरी बाजू अशी की या एकत्रीकरणाने इतर खात्यांकडून निघालेले अधिकार, इमारती, नोकऱ्या आणि युरोपीय निधी हे सारे गृहखात्यात गोळा झाले. त्याच काळात रोमा समाजासाठीचा सरकारी प्रतिनिधीही गृहखात्याच्या छत्राखाली आणला गेला. वस्त्यांमधील गरिबी, शाळा, पाणी यांचा प्रश्न पोलिसांच्या मंत्र्याकडे सोपवण्यात सरकारला काहीच विसंगत वाटले नाही, हे मला त्या काळाच्या मनोवृत्तीचे लक्षण वाटते.

पोलीस दलात याच काळात दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. तिबोर गाशपार पोलीसप्रमुख झाले आणि सहा वर्षे राहिले. आणि 1 डिसेंबर 2012 रोजी संघटित गुन्हेगारी, भ्रष्टाचार आणि दहशतवाद यांसाठीची पथके एकत्र करून ‘नाका’ ही राष्ट्रीय गुन्हे संस्था स्थापन झाली. जुलै 2012 मध्ये युक्रेनच्या उझहोरोदहून स्लोव्हाक हद्दीत निघणारे, सुमारे 700 मीटर लांबीचे आणि आत छोटी रेल्वे बसवलेले सिगारेट तस्करीचे भुयार सापडले तेव्हा मंत्री स्वतः ते दाखवायला गेले होते. यशाच्या वेळी पोलिसांच्या पुढे उभे राहणे त्यांना मनापासून आवडे.

अपयशाच्या वेळी मात्र तीच सवय महाग पडली, आणि त्याचे ठळक उदाहरण मोल्दावा नाद बोद्वो येथील आहे. 19 जून 2013 रोजी साठाहून अधिक पोलीस त्या पूर्वेकडच्या छोट्या शहरातील रोमा वस्तीत शिरले. कारण सांगितले गेले ते हवे असलेल्या व्यक्तींचा शोध. घरांत घुसून पुरुष, बायका, मुले यांना मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या, सुमारे तीस जण जखमी झाले. मंत्र्यांनी कारवाईची पाठराखण केली आणि तपास गेला तो त्यांच्याच खात्याच्या तपासणी शाखेकडे, जिने पोलिसांविरुद्ध काही निष्पन्न झाले नाही असे ठरवले. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ समजता आले असते. परंतु 2017 मध्ये सहा तक्रारदारांवरच खोटी साक्ष दिल्याचे आरोप ठेवले गेले. नित्राची विद्यार्थिनी आणि मोल्दावाचे रोमा यांच्यात काहीही समान नाही, समान आहे ती फक्त यंत्रणेची प्रतिक्रिया: फिर्यादीच आरोपी. सप्टेंबर 2020 मध्ये मानवाधिकार न्यायालयाने या छाप्याच्या प्रकरणात स्लोव्हाकियाला अमानुष वागणुकीबद्दल आणि तपास नीट न केल्याबद्दल दोषी ठरवले आणि जून 2021 मध्ये एदुआर्द हेगेर यांच्या सरकारने अधिकृत माफी मागितली. कालिन्याक तेव्हा पदावर नव्हते.

2015 च्या निर्वासित संकटात त्यांची भूमिका वरवर दिसते तितकी एकरंगी नव्हती. 22 सप्टेंबर 2015 रोजी युरोपीय संघाच्या गृहमंत्र्यांनी निर्वासितांच्या सक्तीच्या वाटपाला बहुमताने मान्यता दिली तेव्हा चेक प्रजासत्ताक, हंगेरी आणि रोमानियासह स्लोव्हाकियाने विरोधात मत दिले आणि पुढे न्यायालयात दावाही दाखल केला, जो सप्टेंबर 2017 मध्ये फेटाळला गेला. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कालिन्याक यांनी ऑस्ट्रियाशी करार करून गाब्चिकोवो येथे 500 आश्रयार्थींची तात्पुरती सोय केली होती, तीही गावकऱ्यांनी स्थानिक सार्वमतात जवळपास एकमुखाने विरोध केलेला असताना. आणि डिसेंबरमध्ये इराकमधील 149 असिरियन ख्रिश्चनांना देशात आणले, ज्यांतील बरेच जण पुढे परत गेले. सक्तीला विरोध आणि शेजाऱ्याशी सौदा, ही त्यांची कामाची रीत होती. 2016 च्या उत्तरार्धात संघाचे अध्यक्षपद स्लोव्हाकियाकडे आल्यावर गृहमंत्र्यांच्या परिषदेचे सूत्रसंचालन त्यांच्याकडे आले, आणि ब्रसेल्समध्ये त्यांच्याबद्दल ‘काम उरकणारा माणूस’ असे बोलले जाई.

घरी मात्र त्याच वर्षी पाया खचू लागला. मार्च 2016 मध्ये स्मेरचे बहुमत गेले आणि चार पक्षांचे सरकार बनले. जूनमध्ये ब्रातिस्लावातील ‘बोनापार्ट’ या आलिशान निवासी संकुलाचे प्रकरण पुढे आले. ते संकुल लादिस्लाव बाश्तेर्नाक या उद्योजकाचे होते, पंतप्रधान फित्सो स्वतः तिथे भाड्याने राहत, आणि बाश्तेर्नाक यांच्यावर मूल्यवर्धित कराच्या परताव्यात गैरव्यवहार केल्याचा आरोप होता. मग एका बँक कर्मचाऱ्याने उघड केलेल्या माहितीतून दिसले की कालिन्याक यांचे बाश्तेर्नाक यांच्याशी आर्थिक व्यवहार झाले होते. मंत्र्यांचे म्हणणे असे की तो एका कंपनीतील हिश्शाच्या खरेदीशी संबंधित, पूर्णपणे कायदेशीर व्यवहार होता. आणि पुन्हा तेच: माहिती देणारा बँक कर्मचारी आणि ती मांडणारा विरोधी खासदार यांच्यावर बँक गोपनीयतेच्या भंगाची कारवाई आधी सुरू झाली. उन्हाळाभर संकुलासमोर निदर्शने झाली, संसदेत अविश्वास ठराव आले आणि फेटाळले गेले. एप्रिल 2017 मध्ये शालेय वयाच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या भ्रष्टाचारविरोधी मोर्चात कालिन्याक आणि गाशपार या दोघांच्या हकालपट्टीची मागणी पहिल्या क्रमांकावर होती. बाश्तेर्नाक यांना पुढे करफसवणुकीबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. व्यवहार कायदेशीर होता असे धरले तरीही, ज्याच्यावर पोलिसांचा तपास चालू आहे किंवा असायला हवा त्या माणसाशी पोलिसांच्या मंत्र्याचे पैशांचे संबंध असणे, एवढी एकच गोष्ट बहुतेक लोकशाही देशांत राजीनाम्याला पुरेशी ठरते.

व्हिएतनामचे प्रकरण मी थोडक्यात सांगतो. 23 जुलै 2017 रोजी व्हिएतनामचे एक माजी अधिकारी त्रिन सुआन थान्ह यांचे बर्लिनमधून भर दिवसा अपहरण झाले. तीन दिवसांनी व्हिएतनामचे तत्कालीन सार्वजनिक सुरक्षामंत्री तो लाम, जे आता तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस आहेत, ब्रातिस्लावात कालिन्याक यांना सरकारी अतिथीगृहात भेटले आणि त्यांच्या शिष्टमंडळाला स्लोव्हाक सरकारचे विमान मॉस्कोपर्यंत देण्यात आले. अपहृत व्यक्तीला त्याच विमानातून नेले असा आरोप 2018 मध्ये स्लोव्हाक आणि जर्मन वृत्तपत्रांनी पोलिसांच्या साक्षींच्या आधारे केला. आपल्याला याची काहीही कल्पना नव्हती, असे कालिन्याक आजवर सांगत आले आहेत.

21 फेब्रुवारी 2018 रोजी ‘आक्तुअलिटी’ या संकेतस्थळाचे 27 वर्षांचे शोधपत्रकार यान कुत्सियाक आणि त्यांची वाग्दत्त वधू मार्तिना कुश्नीरोवा यांना वेल्का माचा या गावातील घरात गोळ्या घालून ठार करण्यात आले. कुत्सियाक करचुकवेगिरीवर लिहीत, बाश्तेर्नाक प्रकरणावरही त्यांनी लिहिले होते, आणि त्यांचा अपुरा राहिलेला शेवटचा लेख पूर्व स्लोव्हाकियात पाय रोवलेल्या इटालियन माफियाच्या राजकीय संबंधांवर होता. त्याच्या काही महिने आधी एका उद्योजकाने फोनवरून धमकावल्याची तक्रार त्यांनी पोलिसांत दिली होती, आणि दीड महिना उलटूनही आपल्या तक्रारीला बहुधा तपासी अधिकारीच मिळालेला नाही, असे त्यांनी समाजमाध्यमावर लिहिले होते. ज्या खात्यात तक्रारदाराला आरोपी करायला वेळ मिळतो, तिथे एका पत्रकाराच्या तक्रारीला माणूस मिळत नाही, हे खुनानंतर लोकांच्या डोळ्यांत सर्वाधिक खुपले.

आणि मग ती पत्रकार परिषद. 27 फेब्रुवारीला फित्सो, कालिन्याक आणि गाशपार असे तिघे कॅमेऱ्यांसमोर आले, माहिती देणाऱ्यास दहा लाख युरोचे बक्षीस जाहीर झाले आणि ते दहा लाख युरो, नोटांच्या थप्प्यांच्या रूपात, खरोखरच टेबलावर मांडलेले होते. बक्षीस जाहीर करणे ही पोलिसांची नेहमीची पद्धत आहे, पण दोन तरुणांचे दफनही झालेले नसताना नोटांचा हा ढीग पाहून देश सुन्न झाला. बारा वर्षांपूर्वी नित्राच्या प्रकरणात ज्या मांडणीने सरकारला वाचवले होते, म्हणजे पंतप्रधान आणि गृहमंत्री एकत्र पत्रकारांसमोर, तीच मांडणी या वेळी त्यांच्यावर उलटली. 9 मार्चला ब्रातिस्लावात हजारो माणसे रस्त्यावर उतरली. 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली त्यानंतरची ही सर्वांत मोठी निदर्शने होती. सरकारातील मोस्त-हित या पक्षाने गृहमंत्र्यांच्या राजीनाम्याचा आग्रह धरला. 12 मार्चला कालिन्याक यांनी राजीनामा जाहीर केला, पण तेवढ्याने भागले नाही. तीन दिवसांनी फित्सो यांनीही पद सोडले आणि पीटर पेलेग्रिनी पंतप्रधान झाले. नवे गृहमंत्री तोमाश द्रुकर गाशपार यांना हटवण्याच्या पेचात सापडून महिन्याभरातच पायउतार झाले. मंत्र्याचे आणि पोलीसप्रमुखाचे भाग्य किती घट्ट बांधलेले होते, हे यावरून दिसते.

इथे वाचकांनी एक फरक ध्यानात ठेवावा. या खुनाशी कालिन्याक यांचा संबंध असल्याचा आरोप कोणत्याही खटल्यात त्यांच्यावर ठेवला गेलेला नाही. त्यांनी पद सोडले ते राजकीय जबाबदारीपोटी आणि दबावापोटी, आणि त्या दोन्हींचा गुन्हेगारी दायित्वाशी गोंधळ करू नये.

गुन्हेगारी आरोप आले ते चार वर्षांनी. 2020 च्या निवडणुकीत स्मेर हरला, फेब्रुवारी 2021 मध्ये लिपशित्स भ्रष्टाचार आणि संघटित गुन्ह्यांचे खटले पाहणारे विशेष अभियोक्ता झाले, आणि 20 एप्रिल 2022 रोजी ‘नाका’च्या पोलिसांनी कालिन्याक यांना ताब्यात घेतले. फित्सो यांच्यावरही आरोप होते, पण ते खासदार असल्याने लागणारी अटकेची परवानगी संसदेने नाकारली. आरोपांचा गाभा असा की सत्तेत असताना पोलीस आणि कर यंत्रणेकडील माहिती राजकीय विरोधकांविरुद्ध, त्यांत तत्कालीन राष्ट्राध्यक्ष आंद्रेय किस्का आणि तेव्हाचे विरोधी नेते इगोर मातोविच यांच्याविरुद्ध, वापरली गेली. कालिन्याक सुमारे महिनाभर कोठडीत होते, मग सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. नोव्हेंबर 2022 मध्ये महाअभियोक्ता मारोश झिलिन्का यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 363 व्या कलमाखाली हे आरोपच रद्द केले. खालच्या अभियोक्त्यांचा अंतिम निर्णयही रद्द करण्याचा अधिकार देणारे हे कलम तिथे कमालीचे वादग्रस्त आहे, पण कायदेशीर परिणाम निःसंदिग्ध आहे: खटला उभा राहिला नाही आणि कोणत्याही न्यायालयाने कालिन्याक यांना दोषी ठरवलेले नाही.

मग ते परतले कसे, या मूळ प्रश्नाकडे येतो. 2020 ते 2023 या काळात देशाने तीन पंतप्रधान पाहिले, स्मेरच्या विरोधकांनी आपसात भांडून सरकार पाडले, आणि त्याच काळात पोलीस दलातील दोन गट एकमेकांविरुद्ध तपास करू लागले. या दुफळीत कालिन्याक यांची अटक स्मेरच्या मतदाराला सूडाची कारवाई वाटली, आणि आरोप रद्द झाल्यावर तर त्याची खात्रीच पटली. 30 सप्टेंबर 2023 च्या निवडणुकीत स्मेर सुमारे 23 टक्के मतांनी पहिला आला. 25 ऑक्टोबरला फित्सो चौथ्यांदा पंतप्रधान झाले आणि कालिन्याक उपपंतप्रधान व संरक्षणमंत्री. गृहखाते मित्रपक्ष ‘ह्लास’चे मातुश शुताय एश्तोक यांच्याकडे गेले. नव्या खात्यात कालिन्याक यांनी युक्रेनला लष्कराच्या साठ्यातून शस्त्रे देणे थांबवले, पण स्लोव्हाक कारखान्यांकडून होणारी विक्री चालू ठेवली. 15 मे 2024 रोजी हांद्लोवा येथे फित्सो यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा बान्स्का बिस्त्रित्साच्या रुग्णालयाबाहेर देशाला माहिती द्यायला उभे राहिले ते कालिन्याक आणि शुताय एश्तोक, आणि पंतप्रधान बरे होईपर्यंत सरकारच्या बैठका चालवल्या त्या कालिन्याक यांनीच. फित्सो यांचा त्यांच्यावरचा विश्वास 2002 पासून एकदाही डळमळलेला दिसत नाही, आणि पुनरागमनाचे सर्वांत साधे उत्तर बहुधा तेच आहे.

गाशपारही 2023 मध्ये स्मेरच्या यादीवरून खासदार झाले. लिपशित्स ज्या विशेष अभियोक्ता कार्यालयाचे प्रमुख होते, ते मार्च 2024 मध्ये नव्या सरकारने बंद केले. आणि कालिन्याक गृहमंत्री असताना स्थापन झालेली, दहा वर्षांनी त्यांनाच अटक करणारी ‘नाका’ ही संस्था, ते उपपंतप्रधान असलेल्या सरकारच्या काळात, 1 सप्टेंबर 2024 पासून अस्तित्वात नाही.